ठिगळावरचं अक्षर

६ फेब्रुवारी १९३९

प्रिय सौ.,

तुझं पत्र काल मिळालं. चार पानी! लॉजवाल्याला लांबूनच दाखवलं, म्हटलं बघ, आम्हालाही कुणीतरी आहे. मग खोलीत येऊन वाचायला बसलो, तर चार पानांतलं दीड पान कारखान्यातल्या त्या नव्या माणसावर. तो कसा बसतो, ब्रश कसा धरतो, नकाशावर नावं लिहिताना श्वास कसा रोखतो! आईच्या गुडघ्याबद्दल दोन ओळी. माझी आठवण येते ही एक ओळ, तीही समासात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी.

मला मान्य आहे, जुन्या मास्तरांची नजर गेली, नावं लिहायला कुणीतरी हवंच होतं. नावांशिवाय पृथ्वीचा गोल कोण घेणार? पण तुझं काम खळ लावून कागद चिकटवायचं. तू आपल्या गोलाकडे बघावंस, त्याच्या बोटांकडे कशाला?

इकडे गोलांची विक्री बरी आहे. गेल्या महिन्यात चिलीत मोठा भूकंप झाला ना, त्यामुळे सगळ्या शाळांना एकदम चिली कुठे आहे ते बघायचंय. तो देश इतका निमुळता की मुलांनी बोट ठेवलं की सगळाच झाकला जातो. हजारो माणसं गाडली गेली म्हणे. मी वर्गात उभा राहून हळहळलो. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, डोक्यात ते दीड पानच होतं.

आणि हो, तो दिसायला कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. का नाही लिहिलंस?

तुझाच

·

१८ फेब्रुवारी १९३९

अहो,

तुमचं पत्र वाचून मी एवढी हसले की सासूबाई गुडघा धरत धरत बघायला आल्या, हिला झालं काय. त्यांना म्हटलं, तुमचा मुलगा जळतोय. त्या म्हणाल्या, लहानपणी शेजारच्या मुलाला मी लाडू दिला तरी तो दिवसभर बोलायचा नाही. तेव्हा हा आजार जुना आहे तर!

दिसायला विचारलंत, सांगते. उंच आहे. बारीक इतका की सगळे त्याला बोरू म्हणतात. केस दाट, काळे. दात सरळ. झालं समाधान? नाही झालं, मला माहीत आहे.

कारखाना आहे तसाच आहे. छताच्या आकड्यांना गोल वाळत टांगलेले, त्यामुळे दिवसभर वाकून चालायचं आणि संध्याकाळी पाठ धरायची. मी आपली कागदाच्या पाकळ्या ओल्या करते, गोळ्यावर बसवते, कागद ताणला की समुद्र सरकतात, ते पुन्हा जागेवर आणते. तो खिडकीशी बसून लिहितो. खिडकी एकच, म्हणून मीही तिथेच. यात जळण्यासारखं काय आहे?

तुम्हाला आठवतं, गेल्या वर्षी मी मालकांना म्हटलं होतं, मला एकदा नावं लिहून बघू द्या. तुम्हीच सगळ्यांसमोर हसलात. म्हणालात, हिची वाण्याची चिठ्ठी वाण्याला वाचता येत नाही, ही पृथ्वी काय लिहिणार! मालक हसले. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

असो. मोजे धुऊन घालत जा.

तुमचीच

·

२६ मार्च १९३९

प्रिय सौ.,

काय वेळ आली बघ. परवा एका शाळेत गोल टेबलावर ठेवला. मोठं भाषण ठोकलं, अचूक, ताजा, खात्रीचा! हेडमास्तर उठले, युरोपच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा देश तर दहा दिवसांपूर्वी संपला." सगळा वर्ग हसला. चेकोस्लोव्हाकिया गेला आणि जाताना माझी अब्रू घेऊन गेला. पुढच्या गावात मी पोचायच्या आधी गोल परत! मालकांना सांग, काहीतरी करा, नाहीतर मला भाजी विकायला लावा.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दात सरळ आहेत हे तुला कसं कळलं? म्हणजे तो हसतो. तो हसतो म्हणजे तू काहीतरी बोलतेस. मी घरी असतो तेव्हा तर तू कामावरून येऊन म्हणायचीस, आज तोंड उघडायचीही ताकद नाही.

मला कळतंय मी काय लिहितोय ते. गाडीत दिवसच्या दिवस एकट्याने बसलं की डोक्यात हेच फिरत राहतं. दौरा ऑक्टोबरपर्यंत आहे. तोवर तू त्या खिडकीपासून जरा लांब बस ना. उजेड काय, दिव्याचाही असतो.

तुझाच

·

१९ एप्रिल १९३९

अहो,

सोबत पुडकं पाठवलंय. त्यात ठिगळं आहेत. मालकांनीच तोड काढली. देश गेला म्हणून पूर्ण गोल फेकून द्यायचा नाही, तेवढाच तुकडा नव्याने रंगवून, नावं हाताने लिहून तुम्हा विक्रेत्यांना पाठवायचा. तुम्ही शाळेतच चिकटवून द्यायचा. खळ पातळ करा. मधून कडेकडे दाबत जा, नाहीतर बुडबुडा राहील आणि हेडमास्तर म्हणतील, इथे डोंगर कुठून आला. वाळलं की वरून वॉर्निश.

तिकडे स्पेनमधली लढाई संपली म्हणून आम्ही हुश्श केलं, तर त्याच आठवड्यात अल्बेनिया गेला. मालक वर्तमानपत्र हातात घेऊनच आत येतात आणि दारातूनच ओरडतात, "आज कोण?"

ठिगळांमुळे नावं लिहायचं काम इतकं वाढलंय की एकट्या बोरूच्या हाताने उरकत नाही. खिडकीपासून लांब बसायचं म्हणता, पण ते जमणार नाही. का ते आत्ता नाही सांगत.

एक विचारू? मी खळीच्या बादलीवरून उठून दुसरं काही काम करायला लागले, तर तुम्हाला राग येईल का?

तुमचीच

·

२१ जुलै १९३९

प्रिय सौ.,

तीन महिन्यांत मी पत्र पाठवलं नाही, कारण पाठवण्याजोगं एकही लिहून होईना. लिहिली आणि फाडली. "का ते आत्ता नाही सांगत" म्हणे! नवऱ्याला असं लिहितात?

जगात काय काय चाललंय. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पेटीत हलती चित्रं दिसतात, पैसे भरले की माणसं विमानात बसून अख्खा महासागर ओलांडतात. आणि मला तुझ्याकडे यायला तीन गाड्या बदलाव्या लागतात, वर मालकांची परवानगी!

आता मुद्द्याचं बोलतो. सयामने आपलं नाव बदलून थायलंड केलं, त्याचं ठिगळ मिळालं. नखाएवढा तो कागद. मी तो खिडकीशी नेऊन बघितला आणि माझ्या जिवाची लाही लाही झाली. अगं, असं कुणी पोटासाठी लिहीत नाही! प्रत्येक वळण सावकाश, जसं काही संपूच नये. ज्याचं मन कुणाकडे तरी लागलंय तोच असं लिहू शकतो. इथल्या हेडमास्तरीणबाई चष्मा लावून बघत राहिल्या, म्हणाल्या, "ज्याने कुणी लिहिलंय त्याच्या हातात माया आहे." मला तो गोल तिथेच आपटावासा वाटला.

तो हे कुणाला दाखवायला लिहितो? शेजारी कोण बसतं? मी काही दूधपितं बाळ नाही, सगळं कळतं मला. तू सांग, नाहीतर मी मालकांना विचारीन.

·

४ ऑगस्ट १९३९

अहो,

तुमचं पत्र आलं, मी भांडायच्या तयारीने फोडलं आणि मग ते छातीशी धरून बसले. खरंच. "असं कुणी पोटासाठी लिहीत नाही" ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगितलं तर तुम्ही अजूनच जळाल. हेडमास्तरीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

त्या अक्षरावर असंच जळत राहा. मला इतकं छान आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. आता विचाराल, तुला का म्हटलं, त्याला म्हटलंय! ऑक्टोबरात घरी या, समोर बसवून सांगते. तुमचा चेहरा बघायचाय मला. तोवर मालकांना काही विचारू नका, माझी शपथ आहे.

मोज्यांचं काय झालं?

तुमचीच

·

८ सप्टेंबर १९३९

अहो,

युद्ध लागलं. तुम्हाला कळलंच असेल. रात्रीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून इथे सगळ्या खिडक्यांना काळे कागद लावलेत. ते चिकटवायला आमच्याच कारखान्यातून खळ गेली. टपाल नीट जाईल का शंका आहे, म्हणून आता चेहरा बघायची हौस बाजूला ठेवते आणि कागदावरच सांगून टाकते.

बोरूला सैन्यात बोलावणं आलं. सोमवारी गेला. मी रडले, लपवत नाही. तो माझा गुरू होता. एप्रिलपासून त्याने मला नावं लिहायला शिकवलं. आधी समुद्रांची, कारण तिथे चुकलं तरी निळ्यात झाकता येतं. मग नद्या. मग देश. ज्या थायलंडवरून तुम्ही गोल आपटायला निघाला होतात, ते मी लिहिलंय. त्यानंतरची सगळी ठिगळं मी लिहिलीत. पत्रात माझं अक्षर म्हणजे मुंग्याच असतात, कारण पत्र मी चुलीशी घाईत लिहिते. तिथे मात्र श्वास रोखून, आडव्या-उभ्या रेघा आखून, ब्रशने. आणि लिहिताना डोळ्यांसमोर तुम्हीच होता, की हे ठिगळ तुमच्या हातात जाणार आहे आणि तुम्ही मला हसणार नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत, मन कुणाकडे तरी लागलेलं होतं.

आता खरी बातमी. मालकांनी बोरूची जागा मला दिलीय! आधी कुरकुरले, बाईमाणूस, लक्ष घरात, वगैरे. मग म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत एक तक्रार आली नाही, तर जागा कायमची तुझी. एक आली, तर परत बादली." अहो, मी खुर्चीवर बसते आता! पाठ दुखत नाही. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, आमची सून पृथ्वी लिहिते.

तुम्ही या लवकर. जपून या.

तुमचीच

·

९ ऑक्टोबर १९३९

सौ.,

ऑगस्टपासून तुझं एक अक्षर नाही. टपाल बंद आहे म्हणतात, पण कारखान्याचं पार्सल रेल्वेने बरोबर येतं! त्यात पोलंडचं ठिगळ. मधून तुटक रेघ मारून देशाचे दोन भाग केलेले आणि तेच अक्षर. तीच माया!

म्हणजे अख्ख्या जगाची तरणी माणसं रांगेत उभी आहेत आणि हा बोरू अजून खिडकीशीच! त्याला सूट मिळाली वाटतं? नकाशे काढणाऱ्यांची सरकारलाही गरज असेल. आणि मी इकडे फलाटावर पेटीवर बसलोय, कारण सगळ्या गाड्या सैनिकांना दिल्यात. तुझी ऑगस्टची ती हसरी चिठ्ठी खिशात आहे. "जळत राहा" म्हणालीस. राहिलो.

आता ऐक. मी मालकांना लिहिलंय आणि ठिगळही पुरावा म्हणून परत पाठवलंय. त्यावर वॉर्सा नाही. पोलंडची राजधानीच गायब! ज्या दिवसांत सगळं जग त्याच शहराचं नाव घेतंय, त्या दिवसांत! हेडमास्तरांनी भर वर्गात माझा पाणउतारा केला. मी स्पष्ट लिहिलं की ज्याने हे लिहिलंय त्याला त्या खुर्चीवरून उठवा, नाहीतर एकही शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही. मालकांना माझ्या शब्दाची किंमत आहे.

मला वाईट वाटत नाहीये. कित्येक महिन्यांनी काल पोटभर जेवलो.

·

१६ ऑक्टोबर १९३९

प्रिय, अगं,

तुझं ८ सप्टेंबरचं पत्र आज मिळालं. पाकिटावर पाच शिक्के आहेत, कुठे कुठे फिरून आलंय देव जाणे.

बोरू गेला? सोमवारीच? आणि ते तू होतीस? थायलंड तू लिहिलंस? मला कसं कळणार होतं गं! तू आधी का नाही सांगितलंस? एक ओळ लिहायची होतीस, मी लिहितेय म्हणून. मी सगळ्या गावाला दाखवत फिरलो असतो.

आत्ताच्या आत्ता मालकांकडे जा. सांग, त्या पत्राकडे लक्ष देऊ नका, विक्रेता दमला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. ते वॉर्साचं म्हणशील तर प्रवासात कागद घासला गेला असेल. पेटीत गोलांचे पितळी दांडे असतात, त्यांना घासून अक्षर उडतं, असं होतं पुष्कळदा. मीही मालकांना दुसरं पत्र टाकतोय. ते पहिल्या पत्राआधी पोचलं तर बरं.

जे झालं ते तुझ्यावरच्या प्रेमापोटी झालं, एवढं लक्षात ठेव. दुसऱ्या कुणाचा हात तिथे सहनच झाला नाही.

लगेच उत्तर पाठव.

तुझाच

·

२४ ऑक्टोबर १९३९

अहो,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मालकांना लिहिलेलं मात्र फार आधी पोचलं होतं. तुमची वेळ नेहमी मालकांच्या बाबतीत बरोबर असते.

काय झालं ते सांगते. मालकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. ठिगळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वाच तुझ्या नवऱ्याचं पत्र. मी वाचलं. मोठ्याने. "ज्याने हे लिहिलंय त्याला खुर्चीवरून उठवा." कुणीतरी मागे हसलं. मग मी ठिगळ खिडकीशी नेलं.

प्रवासात घासलेला कागद सगळीकडून घासतो हो. कडा जातात, रंग फिका पडतो. इथे कडा कोऱ्या करकरीत होत्या. फक्त वॉर्सा नव्हतं, आणि तेवढ्याच जागी कागदाची मऊ लव उभी राहिली होती. तुम्ही दाढीच्या ब्लेडने खरवडलंत. हलक्या हाताने, कागद फाटू नये म्हणून जपून. ते नाव लिहायला मला अख्खी सकाळ लागली होती. रेडिओवर रोज तिथल्या माणसांचं ऐकत होतो, म्हणून ते मला नीट लिहायचं होतं. तुम्हाला ते पुसायला किती वेळ लागला?

मालक विचारत होते, "काय म्हणायचंय तुला?" एका वाक्यात सुटले असते मी. म्हटलं असतं, हे खरवडलंय, बघा. पण मग त्यांनी विचारलं असतं, कुणी? ठिगळ माझ्या हातून निघालं ते तुमच्याच हातात गेलं. तुमची नोकरी तिथल्या तिथे गेली असती, आणि या दिवसांत नोकरी गेलेल्या माणसाला थेट आघाडीवर धाडतात हे गल्लीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सासूबाई दाराकडे तोंड करून बसलेल्या असतात, तुम्ही याल म्हणून.

म्हणून मी म्हटलं, "राहून गेलं माझ्याकडून." मालक म्हणाले, "मला माहीतच होतं." तुमचं दुसरं पत्र आल्यावर त्यांनी तेही मला दाखवलं. म्हणाले, नवरा चांगला आहे तुझा, आता पांघरूण घालतोय.

तुम्ही लिहिलंत, प्रेमापोटी झालं. मला राग त्याचाच येतो. बोरूचा मत्सर वाटला, ते मी समजू शकते, मीही तुम्हाला डिवचत राहिले, त्यातली माझी चूक मला मान्य आहे. पण पत्र आल्यावर, ते अक्षर माझं आहे हे कळल्यावर, तुम्हाला पहिली आठवण कशाची झाली? पितळी दांड्यांची. खरवडलं मी, एवढे दोन शब्द तुम्हाला माझ्यासमोरही लिहिता आले नाहीत.

तेव्हापासून मी एक प्रश्न स्वतःला विचारतेय आणि आता तुम्हाला विचारते. तुम्हाला कळलं असतं की ते माझं आहे, तर तुम्ही खरंच सगळ्या गावाला दाखवलं असतं? की त्या खुर्चीवरही जळला असता? घाईने उत्तर देऊ नका. पाठवूच नका. घरी याल तेव्हा सांगा.

याल तेव्हा मी दार उघडीन. ताट वाढीन. बोलेन की नाही ते आत्ता माहीत नाही.

इकडची खुशाली. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरलाय. मी पुन्हा बादलीवर आहे. वाकून चालते, पाठ दुखते. खुर्चीवर मालकांनी दुसरा माणूस आणलाय. म्हातारा आहे, चार दात पडलेत, कानाने कमी ऐकतो म्हणून आमचं बोलणं होत नाही. अक्षर बेताचंच. पुढचं ठिगळ तोच लिहील. तुम्ही आता सुखाने झोपा.